कंठ फुटतो तेव्हा

हनुका जवळ आला की शब्बाथाच्या तोरावाचनात योसेफाची कथा सुरू होते. भावांनी खड्ड्यात टाकलेला, व्यापाऱ्यांना विकलेला, तुरुंगातून निघून फारोच्या दरबारात पोचलेला योसेफ. त्यातला ‘मिकेत्स’ हा पाठ बहुतेक वर्षी हनुकाच्या आठ दिवसांतल्या शब्बाथालाच येतो. म्हणून मराठीच्या वर्गातल्या मुलामुलींनी हनुकाला एक लहानसे संगीत नाटक करायचे ठरवले, तेव्हा विषयावर वाद झाला नाही. वाद पुढे झाले, आणि त्यातला सर्वांत मोठा आवाजावरून झाला.

योसेफाची कथा मराठीत गाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे दिवस सुरू झाले. त्याच सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी आपली कीर्तने सुरू केली. पद्धत हरदासांची, वाणी मराठी, पण आख्यान आपल्या पवित्र ग्रंथातले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या कीर्तनकारांत मानाने घेतले जाते. साकी, दिंडी, ओवी अशा ओळखीच्या चालींवर आपल्या पूर्वजांच्या कथा गायल्या जात आणि ऐकणाऱ्याला त्या आपल्याच घरातल्या वाटत. आज इस्राएलात ज्या आज्या एकत्र जमून कीर्तनाची पदे म्हणतात, त्यांच्यापर्यंत ही गाणी अशीच तोंडातोंडी आली.

पण कीर्तनात आणि नाटकात एक मोठा फरक आहे. कीर्तनात एकच माणूस याकोब होतो, योसेफ होतो आणि फारोही होतो. गळा एक, म्हणून पट्टीही एक. नाटकात प्रत्येक पात्राचा गळा वेगळा. या वर्गात 9 ते 16 वर्षांची 22 मुले होती. कुणाचा आवाज बारीक, कुणाचा जाड, आणि काहींचा सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. सिमखात तोरा झाल्यापासून हनुकापर्यंत जेमतेम नऊ आठवडे मिळतात. हिवाळ्यात शब्बाथ साडेपाचच्या आसपास निघतो, म्हणून हावदाला झाली की शनिवारी संध्याकाळीच तालीम ठेवली.

शिकवणाऱ्या बाईंना मुले ‘मोरा’ म्हणत आणि मोठी माणसे ‘बाई’. पेटीवर एक वयस्कर गृहस्थ बसत. त्यांना सगळेच ‘अंकल’ म्हणत. तरुणपणी त्यांनी मुंबईत कीर्तनाला साथ केली होती आणि जुन्या चाली त्यांच्या बोटांत होत्या.

पहिले दोन आठवडे बाईंनी कुणाला गाऊच दिले नाही. आधी शब्द, मग अर्थ, मग ठेका आणि शेवटी सूर, असा त्यांचा क्रम होता. मुले हिब्रूत वाढलेली. मराठी त्यांच्या कानावर होती, पण जिभेवर नव्हती. देवनागरी येणारी मुले थोडी. बाकीच्यांनी गाणी हिब्रू अक्षरांत उतरवून घेतली. आजच्या हिब्रूत ‘तेत’ आणि ‘ताव’ या दोन अक्षरांचा उच्चार सारखाच होतो. मुलांनी आपणहून ठरवले की ‘तेत’ म्हणजे ट आणि ‘ताव’ म्हणजे त. ही युक्ती छान चालली. पण ख, घ, ध, भ यांचे काय करायचे? नाटक भावांचे, आणि अर्धा वर्ग ‘भाऊ’ला ‘बाऊ’ म्हणत होता. लहान पोराला खरचटले की आजी ‘बाऊ झाला का?’ असे विचारते, तो बाऊ. योसेफाला अकरा बाऊ होते असे एका मुलीने मोठ्याने म्हटले, तेव्हा मागे बसलेल्या आज्यांना हसू आवरेना. मुलीला कारण कळले तेव्हा तीही हसली, आणि त्यानंतर तिचा भ कधी चुकला नाही. तोंडासमोर तळहात धरायचा. ‘बाऊ’ म्हणताना हातावर वारा लागत नाही, ‘भाऊ’ म्हणताना लागतो. बाईंनी एवढेच शिकवले आणि मुले आठवडाभर घरी तळहात धरून बोलत राहिली.

ळ हे त्याहून कठीण प्रकरण. सात वर्षांचा दुष्काळ ‘दुश्काल’ होई, आणि ‘काळ’ म्हणायचे तिथे ‘काल’ म्हटले की सात वर्षे एका दिवसावर येत. ‘आहे’तला ह गळून ‘आए’ उरे. र तर घशातून येई, जसा आज इस्राएलात सर्रास येतो. पण काही अक्षरांत हीच मुले मुंबईच्या मुलांच्या तोडीची निघाली. ‘चोर’मधला च आणि ‘जवळ’मधला ज यांसाठी जीभ दातांशी न्यावी लागते, मराठी शिकणाऱ्या परक्यांना ते लवकर जमत नाही. या मुलांना जमले, कारण हिब्रूतली ‘त्सादी’ आणि ‘झायिन’ ही अक्षरे त्याच्या अगदी शेजारची. बिन्यामीनाच्या गोणीत प्याला सापडतो आणि सगळे ‘चोर, चोर’ म्हणतात तो प्रसंग म्हणूनच पहिल्या दिवसापासून चांगला बसला.

आणखी एक गंमत झाली. बोलताना आपण ‘घर’ म्हणतो, शेवटच्या अक्षरातला अ सोडून देतो. गाताना मात्र तो अ परत येतो, सुराला टेकायला जागा लागते म्हणून. अक्षर अक्षर लावून वाचणारी मुले तो अ आधीच उच्चारत होती. ‘मोरा, माझे चुकले ना?’ असे विचारणाऱ्या मुलाला बाईंनी सांगितले, ‘बोलताना चुकले. गाताना बरोबर. गाण्यात असेच म्हण.’

तिसऱ्या आठवड्यात सूर आले. बाईंनी प्रत्येकाला पेटीशी बोलावले, पण गायला सांगितले नाही. ‘दुपारी काय जेवलास ते सांग,’ असे म्हणायच्या. मूल सांगत असताना अंकल हळूच पेटीवर त्याच्या बोलण्याचा सूर शोधायचे. माणूस सहज बोलतो तो सूर सापडला की त्याच्या थोडा वर त्याचा ‘सा’ धरता येतो. प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याची पट्टी लिहिली गेली. मुलींना आणि लहान मुलांना काळी चार सोयीची पडली. आवाज उतरलेल्या मोठ्या मुलांना काळी एक. दोन्हींमध्ये अंतर सा ते प एवढे. सगळ्यांनी मिळून म्हणायची पदे मग पाच-सहा सुरांतच राहतील अशी निवडली, म्हणजे कुणाला किंचाळावे लागू नये आणि कुणाला पुटपुटावे लागू नये.

गाण्याआधी दहा मिनिटे गळा तापवायचा नियम होता. आधी तोंड मिटून नुसता ‘म’चा गुंजार, मग ओठ फुरफुरवत वर-खाली जाणे. तालमीत पाण्याची बाटली जवळ हवी. सर्दी झालेल्याने गायचे नाही, ऐकायचे. आणि कुजबुजायचेही नाही, कारण कुजबुजल्याने गळ्याला विश्रांती मिळते असे वाटते पण बहुधा ताणच पडतो. चालताना, वाकताना श्वास कुठे घ्यायचा त्या जागी वहीत रेघ मारायची. मिसरातून धान्य आणणाऱ्या भावांनी पाठीवर गोण्या घेऊन गायचे होते. बाईंनी पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाठीवर शाळेची दप्तरे दिली. रिकाम्या पाठीने बसवलेले गाणे ओझे घेतल्यावर मोडते, हे त्यांना ठाऊक होते.

मग पहिला मोठा वाद झाला. तोरामध्ये सांगितले आहे की भाऊ धान्यासाठी मिसरात आले तेव्हा योसेफाने त्यांना ओळखले, पण ओळख दिली नाही. तो मिसरी भाषेत बोले आणि मध्ये दुभाष्या उभा असे. भाऊ आपसात जे बोलत ते त्याला कळते आहे, हे त्यांना माहीत नव्हते. मुलांना हा प्रसंग फार आवडला. घरी आजी-आजोबा मराठीत काही बोलतात, त्यांना वाटते नातवंडांना कळत नाही, आणि नातवंडे गुपचूप सगळे ऐकत असतात! म्हणून मुलांनी सुचवले: योसेफ मिसरी म्हणून हिब्रू बोलेल, भाऊ मराठी बोलतील, आणि शेवटी योसेफ मराठीत बोलून ओळख देईल.

मागच्या बाकावरून लगेच विरोध झाला. ‘फारोच्या दरबारात हिब्रू? पवित्र भाषा मिसरींच्या तोंडी घालता?’ एका आजीने तर विचारले, ‘याच भाषेसाठी आम्ही एवढ्या लांब आलो, आणि तुम्ही तिला परकी करता?’ मुलांचे म्हणणे खोटे नव्हते, आजीचेही नव्हते. तोड अंकलनी काढली. ते म्हणाले, ‘योसेफाला मिसरीत सरगम गाऊ द्या.’ म्हणजे योसेफ शब्द न उच्चारता नुसते सा, रे, ग, म अशा स्वरांत गाणार, आणि दुभाष्या त्याचा अर्थ मराठीत सांगणार. कुणाची भाषा परकी झाली नाही. शिवाय सरगम घोकता घोकता अख्ख्या वर्गाला सूर ओळखता येऊ लागले, हा फायदा वेगळाच.

दुसरा वाद मात्र इतक्या सहज मिटला नाही. योसेफाचे काम 13 वर्षांच्या एका मुलाला दिले होते. ऑक्टोबरात त्याचा आवाज असा होता की तार सप्तकातला सा तो हसत हसत लावायचा. शेवटचे पद, जिथे योसेफ भावांना जवळ बोलावून आपण कोण ते सांगतो, जुन्या चालीत थेट त्या वरच्या सापर्यंत चढते. मुलाने ते पहिल्यांदा म्हटले तेव्हा त्याच्या आजीने डोळे पुसले. कुणीतरी फोनवर ते उतरवूनही घेतले.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी तो सा आलाच नाही. त्याच्या जागी एक चिरका आवाज आला आणि मग खर्जातला घोगरा. लहान मुले हसली. पुढच्या शनिवारी तेच झाले. तिसऱ्या शनिवारी मुलगा आला, पण पेटीपाशी गेला नाही. सुट्टीत त्याने बाईंना हिब्रूत सांगितले की योसेफ दुसऱ्या कुणाला द्या.

यात विशेष काही नव्हते. बारा-चौदाव्या वर्षी मुलाचा कंठमणी वाढतो, आतल्या स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच, म्हणून फारसे लक्षात येत नाही. मुलाचे मात्र मधले काही महिने असे जातात की कुठला सूर हाताला लागेल आणि कुठला निसटेल याचा त्याला स्वतःलाच भरवसा नसतो. जोर लावून जुना सूर ओढायला गेले तर गळा दुखावतो.

वर्गात मते पडली. काहींनी म्हटले, काम धाकट्या मुलाला द्यावे. मुलाच्या आईने दुसरे सुचवले, आणि ते पुष्कळांना पटले: ऑक्टोबरातला त्याचाच आवाज फोनवर आहे, तो लावावा, त्याने रंगमंचावर नुसते ओठ हलवावे. आवाज तर त्याचाच, फसवणूक कसली? अंकलना तेही चालणार होते, कारण त्यांचा आग्रह चालीचा होता. ‘बाई, ही चाल वरच्या सावाचून म्हणजे मिठावाचून कढी. माझ्या गुरूंनी दिली तशी मी देणार.’

बाईंनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या तालमीत त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. योसेफाला विकले तेव्हा तो 17 वर्षांचा. फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30. मग सुबत्तेची 7 वर्षे, आणि दुष्काळाची 2 सरली होती तेव्हा त्याने भावांना ओळख दिली. 30 आणि 7 आणि 2. ‘किती झाले?’ मुलांनी सांगितले, 39. ‘म्हणजे 22 वर्षे भावांनी त्याला पाहिले नव्हते. त्याने त्यांना ओळखले, त्यांनी त्याला ओळखले नाही. का ओळखले नसेल?’ कुणी म्हणाले, कपडे मिसरी होते. कुणी म्हणाले, दाढी आली असेल. तेव्हा दुभाष्याचे काम करणारी मुलगी म्हणाली, ‘आवाजही बदललाच असेल की.’

मग बाई त्या मुलाकडे वळल्या. हिब्रूत म्हणतात, आवाज बदलतो. इंग्रजीत म्हणतात, आवाज मोडतो. मराठीत काय म्हणतात, असे त्यांनी मागे बसलेल्या आज्यांना विचारले. दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, ‘कंठ फुटतो!’ मुलाला वाटले, फुटतो म्हणजे काच फुटते तसा. बाईंनी सांगितले, ‘तसा नव्हे रे. झाडाला पालवी फुटते तसा. पाखराला कंठ फुटतो म्हणजे ते गायला लागते.’ मग त्या म्हणाल्या, ‘39 वर्षांच्या योसेफाला ऑक्टोबरातला आवाज शोभायचा नाही. खड्ड्यातले पद धाकटा म्हणेल. मिसरातला योसेफ तूच. तुला आज जे सूर लागतात त्यांत म्हण.’

आता प्रश्न अंकलचा होता. चाल त्यांची, पेटी त्यांची. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला जवळ बसवले आणि त्याचे सूर पुन्हा एकेक करून शोधले. काळी एकमध्ये खालच्या ध पासून वरच्या प पर्यंत. त्याच्या पलीकडे पाय घसरत होता. सहा-सात सूर. अंकल म्हणाले, ‘मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझेही असेच झाले होते. गुरुजींनी वर्षभर गाऊ दिले नाही, म्हणून मी पेटीकडे वळलो.’ त्यांनी एवढी वर्षे हे कुणाला सांगितले नव्हते. पुढे ते म्हणाले, ‘आणि आता म्हातारपणी पुन्हा खाली आलोय. आरशासमोर काळी तीनमध्ये गायचो, आता पांढरी एकसुद्धा जड जाते. मी माझी चाल खाली आणलीच की. मग याला का नको?’

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून शेवटची ओळ नव्याने बसवली. जिथे चाल वर चढत होती तिथे ती खाली येऊन मध्यल्या सावर थांबू लागली. ऐकायला ती वेगळी वाटत होती. एखादा माणूस मोठ्याने हाक मारण्याऐवजी अगदी जवळ येऊन बोलतो तशी. अंकलना ती पुरती पसंत पडली असे नाही. पण त्यांनी ती आपल्या वहीत लिहून घेतली, आणि ज्या वहीत गुरूंच्या चालींखेरीज दुसरे काही नव्हते तीत ही पहिलीच नवी नोंद होती.

उरलेले दोन आठवडे त्या मुलाने रोज पाच मिनिटे तेवढेच सूर गायले, एकही जास्त नाही. त्या पदात दोन शब्द असे होते की त्यांत वर्गाने नऊ आठवडे शिकलेले सगळे आले होते: ‘जवळ’ आणि ‘भाऊ’. ‘जवळ’मधला ज त्याला जन्मतःच येत होता. ळ साठी आजीने त्याला स्वयंपाकघरात उभे करून जीभ मागे वळवायला लावली. आजी भाकरी थापताना तो ‘जवळ, केळ, पोळी, कोळी’ म्हणत राहायचा. आजीशी एवढे मराठी तो पूर्वी कधी बोलला नव्हता. तिने मग त्याला आपल्या गावच्या, रेवदंड्याकडच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि त्या ऐकताना मध्ये दुभाष्या म्हणून आईला बोलवावे लागले नाही.

हनुकाच्या पाचव्या रात्री नाटक झाले. धाकट्याने खड्ड्यातले पद काळी चारमध्ये म्हटले. गोण्या पाठीवर घेऊन भाऊ आले, कुणाचाही श्वास मोडला नाही. योसेफ सरगम गायला, दुभाष्या मुलीने अर्थ सांगितला, ‘चोर, चोर’ झाले, यहूदाने बिन्यामीनासाठी विनवणी केली. मग योसेफाने दुभाष्याला बाजूला केले आणि पहिल्यांदा मराठीत तोंड उघडले. ‘जवळ’ स्वच्छ आला. ‘भाऊ’वर मात्र आवाज पुन्हा चिरकला, मधोमध. त्याने क्षणभर थांबून तोच शब्द खालच्या सुरात परत म्हटला.

सभागृहात कुणी हसले नाही. तोरामध्ये या जागी योसेफ मोठ्याने रडला असे सांगितले आहे, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना वाटले की मुलगा खरोखरच रडतो आहे. त्या रांगेत पुष्कळांनी रुमाल काढले. नंतर सगळ्यांनी त्याला अभिनयाबद्दल शाबासकी दिली. तो मात्र सांगत राहिला की आपण रडलो नाही, फक्त सूर निसटला. अंकल म्हणाले, ‘ते कुणाला सांगू नकोस.’

नाटकातली सगळी पदे वर्गाच्या वहीत आता पट्टीसह लिहून ठेवली आहेत. योसेफाच्या शेवटच्या पदाच्या दोन्ही चाली दिल्या आहेत, वरच्या साची आणि खालच्या साची, म्हणजे ज्याला जी पेलेल ती त्याने घ्यावी. त्या मुलाच्या नावापुढे काळी एक असे लिहिले आहे, पण पेन्सिलीने. पुढच्या सिमखात तोरानंतर त्याला पुन्हा पेटीशी बसवून दुपारी काय जेवला ते विचारावे लागेल.